हजार सीसीचा टर्बो ठाण्याच्या कोंडीत किती टिकेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरच्या जीएसटीची नवी मांडणी लागू झाली. पेट्रोल गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के कर. यातली एकही मर्यादा ओलांडली की ४० टक्के. छोट्या गाडीला अशी सवलत देण्याची पद्धत २००६ च्या अर्थसंकल्पापासून चालत आली आहे आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या या दोन मापांत बसवूनच घडवल्या जातात. लोकांना उंच, जड, सहा एअरबॅगची एसयूव्ही हवी असते आणि इंजिन मात्र १,२०० सीसीच्या पुढे नेता येत नाही. या पेचातून कंपन्यांनी काढलेली वाट म्हणजे टर्बो पेट्रोल: हवा दाबून भरून छोट्याच इंजिनातून मोठी ताकद काढायची.

म्हणून आज घोडबंदर रोडवर किंवा वाशीत कुठल्याही शोरूममध्ये गेलात तर तीन सिलिंडरचं, हजार-बाराशे सीसीचं आणि शंभर-सव्वाशे पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) ताकदीचं इंजिन समोर येतं. पहिली गाडी घेणारे ते आकडे पाहून खूश होतात. ज्यांनी आधी दोन-तीन गाड्या वापरल्या आहेत ते बोनेट उघडून विचारतात, ‘एवढंसं इंजिन एवढी ताकद देतंय, मग टिकणार किती?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि सेल्समनकडून त्याचं धड उत्तर मिळत नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. हे इंजिन टिकतं. पण त्याचं आयुष्य ऑइलवर जितकं अवलंबून आहे तितकं जुन्या साध्या इंजिनाचं नव्हतं, आणि ऑइल कधी बदलायचं याचा आपला किलोमीटरचा हिशोब ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर फसवा ठरतो. हे का, ते मुळापासून पाहू.

ताकद हवेतून येते

पेट्रोल जळायला हवा लागते आणि तीही ठरलेल्या प्रमाणात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा हवी. टाकीत पेट्रोल हवं तेवढं असतं, इंजिनात घालायला पंपही असतो. खरी मर्यादा हवेची. हजार सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांमध्ये फार तर एक लिटर हवा आत घेऊ शकतं आणि एक लिटर हवेचं वजन भरतं जेमतेम सव्वा ग्रॅम. तेवढ्या हवेत ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी पेट्रोल जळतं.

ताकद वाढवायची तर इंजिन मोठं करा, जास्त आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांनी फिरवा, नाहीतर तेवढ्याच जागेत हवा दाबून भरा. टर्बो हा तिसरा मार्ग. लोहार भाता मारतो तेव्हा कोळसे तेवढेच असतात, वाढते ती हवा आणि तिच्यासोबत आच. फरक इतकाच की इथला भाता हाताने चालत नाही, भट्टीचा धूरच तो चालवतो. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका छोट्या चाकावर आदळतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून इंजिनात जाण्याआधी तिला थंड करायला एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. दाब प्रमाणाबाहेर वाढू लागला की धुराचा काही भाग चाकाला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप असते. टर्बोची मांडणी एवढीच. मात्र तो दांडा मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फेरे घेऊ शकतो आणि एका बाजूने त्याला नऊशे अंशांच्या आसपासचा धूर लागत असतो. हे दोन आकडे ध्यानात असू द्या, पुढे लागतील.

ब्रोशरमधले आकडे वाचताना

ब्रोशरमध्ये ताकद पीएसमध्ये आणि टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळा, चाक फिरवण्याचा जोर. ताकद म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातो ते. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,०२४ ने भागलं की पीएस मिळतात. हे गणित स्वतः करता आलं की ब्रोशर दिपवत नाही.

मारुतीची फ्राँक्स उदाहरणादाखल घेऊ, कारण एकाच गाडीत दोन्ही प्रकारची इंजिनं मिळतात. साधं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ९० पीएसचं आणि १.० लिटरचा तीन सिलिंडरचा टर्बो १०० पीएसचा. फरक दहाच पीएसचा, त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे, असं कुणालाही वाटेल. आता टॉर्क पाहा. साध्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, तोही ४,४०० आरपीएमला. टर्बोचा सुमारे १४८ आणि तो २,००० पासून ४,५०० पर्यंत सलग. म्हणजे २,००० आरपीएमला टर्बो ४२ पीएस देतो. तेवढे ४२ मिळवायला साध्या इंजिनाला काहीही केलं तरी २,६०० च्या पुढे जावंच लागेल, प्रत्यक्षात त्याहूनही बरंच वर, कारण खालच्या आरपीएमला त्याचा टॉर्क ११३ पर्यंत पोचलेलाच नसतो.

रोजच्या वापरात आपण इंजिन सहा हजार आरपीएमला फिरवत नाही. आपला सगळा कारभार दीड ते तीन हजारांत चालतो. मुंब्रा बायपास चढताना, पाच माणसं आणि एसी घेऊन खंडाळ्याच्या घाटात ट्रकला मागे टाकताना उपयोगी पडतो तो हा मधला टॉर्क. म्हणून ब्रोशरमध्ये सर्वाधिक पीएस शेवटी पाहा. आधी पाहा की पूर्ण टॉर्क कितव्या आरपीएमला सुरू होतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयचे १७८ न्यूटन-मीटर १,७५० पासून मिळतात, ह्युंदाईच्या १.० टर्बोचे १७२ न्यूटन-मीटर १,५०० पासून.

त्या आकड्याखाली टर्बोत दम नसतो, हेही समजून घ्या. धूर कमी, म्हणून चाक हळू, म्हणून हवा कमी. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जोर यायला जो क्षण जातो त्याला टर्बो लॅग म्हणतात. बंपरला बंपर लागलेल्या रांगेत माणूस त्या सीमेच्या खालीच असतो आणि तिथे साधं इंजिन अनेकदा जास्त सरळ, जास्त गुळगुळीत वाटतं. तुमचा सगळा प्रवास पाचपाखाडी ते स्टेशन आणि परत एवढाच असेल तर टर्बोसाठी जास्त पैसे मोजू नका, असं मी स्वच्छ सांगेन.

‘इंजिन छोटं, ताण मोठा, म्हणजे लवकर जाणार’

मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाची ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती होती. म्हणजे लिटरमागे सेहेचाळीस-सत्तेचाळीस. आजचं ९९९ सीसीचं टीएसआय ११५ पीएस देतं. लिटरमागे जवळजवळ अडीचपट. पिस्टनवरचा दाब वाढला, आतली उष्णता वाढली, हे खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण तो ताण धरूनच हे इंजिन बनवलेलं असतं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेडचं गॅस्केट, बेअरिंग हे सगळं टर्बोसाठी वेगळं असतं. पिस्टनवर खालून ऑइलची धार मारणाऱ्या नळ्या असतात. निसान मॅग्नाइट आणि रेनॉ कायगरच्या १.० टर्बोत सिलिंडरच्या आतल्या बाजूवर आरशासारखा गुळगुळीत मुलामा आहे, जो निसानने आपल्या जीटी-आर या रेसिंगच्या तोडीच्या गाडीतून खाली आणला. साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो जोडणं वेगळं आणि टर्बोसाठीच घडवलेलं इंजिन वेगळं.

आणि टर्बो आपल्याला नवा कुठे आहे? आपल्याकडच्या डिझेल गाड्या कितीतरी वर्षं टर्बोवरच चालल्या. स्विफ्ट-डिझायरमधलं १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन टर्बोचंच होतं आणि टॅक्सीवाल्यांनी ते दोन-दोन, तीन-तीन लाख किलोमीटर पळवलं. ‘टर्बो म्हणजे नाजूक’ ही समजूत त्या गाड्यांनीच मोडून काढली आहे. पेट्रोल टर्बोत एक गोष्ट मात्र जास्त अवघड असते, ती म्हणजे धुराची उष्णता. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम असतो. त्यामुळे टर्बोच्या बेअरिंगमधून जाणारं ऑइल इथे जास्त भाजून निघतं.

तीन सिलिंडरमुळे थरथर जास्त जाणवते, कारण स्फोट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दर २४० अंशांनी होतात, चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांनी. ती थरथर कानाला आणि हाताला जाणवते. इंजिनाच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही.

परदेशात बदनाम झालेली इंजिनं

छोट्या टर्बोबद्दलची भीती बरीचशी युरोपातून आलेल्या बातम्यांमुळे आहे आणि त्या बातम्या खोट्या नाहीत. फोर्डचं १.० इकोबूस्ट २०१२, २०१३ आणि २०१४ असं सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलं. आपल्याकडे ते २०१३ च्या इकोस्पोर्टमध्ये १२५ पीएसचं म्हणून आलं होतं. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्यूरटेकने आपल्या गटात २०१५ ते २०१८ असे चार पुरस्कार घेतले. पुढे दोघांचंही नाव खराब झालं.

बिघाड कुठे झाला ते पाहण्यासारखं आहे. या इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, ऑइलमध्ये बुडालेला ठेवला होता. घर्षण कमी, आवाज कमी, म्हणून. पण छोट्या फेऱ्यांमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल बदलायला उशीर होतो आणि असं ऑइल रबर खातं. पट्ट्याचे कण सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले, ऑइलचा दाब पडला आणि इंजिनं गेली. प्यूरटेकच्या मूळ कंपनीला, स्टेलँटिसला, शेवटी या बिघाडासाठी दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत हमी वाढवून द्यावी लागली. इकोबूस्टच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत कूलंटची नळी फुटून इंजिन तापल्याच्या तक्रारी होत्या.

म्हणजे टर्बो कुठेच पहिला दोषी नव्हता. पट्टा, नळी आणि शिळं ऑइल हे दोषी होते. पुरस्कार देणारे परीक्षक इंजिन नवं असताना चालवून पाहतात. दहाव्या वर्षी ते कसं असेल हे कोणत्याही पुरस्कारात मोजलं जात नाही. म्हणून गाडी घेताना एक प्रश्न जरूर विचारा: टायमिंगला चेन आहे, कोरडा बेल्ट आहे की ऑइलमधला बेल्ट? ह्युंदाईच्या १.० टर्बोत चेन आहे. टीएसआयमध्ये बेल्ट आहे पण तो कोरडा आहे. चेन किंवा कोरडा बेल्ट असेल तर या एका काळजीतून तुम्ही मोकळे.

इंजिनाचे तास मोजा

आता मुख्य मुद्दा. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागत नाही, मध्ये ऑइल असतं आणि तेच त्याला थंडही ठेवतं. हे ऑइल पातळ झालं, त्यात काजळी साठली, किंवा ते भाजून नळीत त्याची खापरी जमली की दांडा कोरडा पडतो. टर्बो जाण्याच्या कारणांत ऑइलची हेळसांड सगळ्यात वरची.

ऑइल कधी बदलायचं? सर्व्हिस बुक सांगतं, अमुक हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. बहुतेक गाड्यांना दहा हजार, काहींना पंधरा हजार. पण ऑइल शिळं होतं ते इंजिन चालू असेपर्यंत, गाडी पुढे सरको वा न सरको.

हिशोब करून पाहा. एक गाडी खारघरहून दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने पुण्याला जाते, सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटर. दहा हजार किलोमीटर होईपर्यंत तिचं इंजिन १५४ तास चालतं. दुसरी रोज सकाळी कासारवडवलीहून निघते, वाघबीळ, पातलीपाडा, कापूरबावडी करत मुंबईच्या ऑफिसला पोचते आणि संध्याकाळी तशीच परतते. मेट्रोची कामं, गायमुखकडून आलेले कंटेनर, माजिवड्याची गर्दी धरून सरासरी वेग १५. तिचं इंजिन त्याच दहा हजारांत ६६७ तास चालतं. चौपटीहून जास्त. दोन्ही गाड्यांच्या सर्व्हिस बुकात मात्र तोच आकडा लिहिलेला असतो.

यावर कुणी म्हणेल की थांबलेल्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो, मग तो तास आणि घाटातला तास सारखा कसा? सारखा नाहीच. जागेवर चालणाऱ्या इंजिनाचा एक तास हलका असतो. पण कोंडीत गाडी नुसती उभी नसते, दर पन्नास मीटरला ती शून्यातून उचलावी लागते. बोनेटखाली वारा खेळत नाही, मे महिन्यात तर आतलं सगळं तापून राहतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरतं गरमच होत नाही, त्यामुळे त्यात आलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असा तक्ता असतो. त्यात थांबत-सरकत चालणारी वाहतूक, छोट्या फेऱ्या, धूळ आणि उष्ण हवामान यांचा उल्लेख असतो आणि तिथे ऑइलची मुदत बऱ्याचदा निम्म्यावर येते. ठाणे-कल्याण-पनवेल पट्ट्यातला बहुतेक वापर याच तक्त्यात बसतो. पण सर्व्हिस सेंटरचा मेसेज येतो तो पहिल्या पानावरच्या आकड्यावरून, म्हणून हे पान आपण स्वतः उघडायला हवं.

करायचं ते सोपं आहे. गाडीच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. ‘ट्रिप बी’ हा दुसरा ट्रिप मीटर शून्य करा, दोन-तीन आठवडे चालू द्या आणि तो आकडा पाहा. ताशी २० च्या खाली असेल तर दहा हजारांची वाट पाहू नका, पाच ते सात हजारांत किंवा सहा महिन्यांत ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या. या इंजिनांना ऑइल लागतं साधारण तीन ते साडेचार लिटर. टर्बो बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेली असेल तीच. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लिहिलं असेल तर गॅरेजवाल्याने ‘आपल्या हवेत जाडच चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरू नये. सुरुवातीच्या क्षणी पातळ ऑइल टर्बोपर्यंत लवकर पोचतं, जाड ऑइलला वेळ लागतो. डब्यावर ‘एपीआय एसपी’ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला ऑइलचा दर्जा) किंवा त्यानंतरचा दर्जा आहे का, तेही पाहा. हा दर्जा २०२० मध्ये आला आणि तो कशासाठी आला ते पुढे सांगतो.

महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पाहायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला. पातळी हळूहळू कमी होणं टर्बोत काही प्रमाणात नेहमीचं आहे, तेवढं भरत राहायचं. पातळी वाढलेली दिसली तर जास्त सावध व्हा. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात बहुधा पेट्रोल मिसळत असतं.

पुलावर चौथा गिअर

आपल्या पिढीला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर ठसवली आहे: गिअर वर ठेवा, अ‍ॅव्हरेज मिळेल. मानपाड्याचा पूल चौथ्यात, १,२०० आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कुथत-कुथत चढवणं हे त्यातूनच आलं. साध्या इंजिनाने हे खपवून घेतलं, गाडी फक्त धडधडायची. टर्बोला हे घातक ठरू शकतं.

कमी आरपीएम आणि पूर्ण भार असताना सिलिंडरमध्ये दाब खूप आणि वेळही खूप असतो. अशा वेळी ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगी पडण्याआधीच पेट घेतो आणि पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो. याला कमी वेगावरचं पूर्वज्वलन म्हणतात. धक्का एवढा मोठा असतो की पिस्टनची रिंग धरणारी कड तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या काही घटकांमुळे हे वाढतं, असं आढळल्यावर ऑइल कंपन्यांनी मिश्रण बदललं आणि एपीआय एसपी दर्जात या पूर्वज्वलनाची वेगळी चाचणी घातली. म्हणूनच जुन्या दर्जाचं स्वस्त ऑइल इथे चालत नाही.

चालवणाऱ्याने काय करायचं? चढ आला, पुढे ट्रक आहे, जोर हवाय, तर गिअर खाली आणा. दोन हजारांच्या वर इंजिन मोकळं श्वास घेतं. ऑटोमॅटिक गाडी हे स्वतः करते. ऑटोमॅटिकबद्दल जाता जाता एवढंच: कोंडीत क्लच तापणं, झटके बसणं या तक्रारी बऱ्याचदा ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या असतात आणि बिल मात्र टर्बोच्या नावावर फाडलं जातं. दोन्ही वेगळे ठेवून चौकशी करा.

‘घरी पोचल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं का?’

जुन्या टर्बोला ते गरजेचं होतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच भाजतं. आताच्या पेट्रोल टर्बोंना बहुधा पाण्याचंही थंडावण असतं. काही गाड्यांत तर इंजिन बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप कूलंट फिरवत राहतो. त्यामुळे बंद गाडीतून घरघर ऐकू आली तर घाबरून बॅटरीची वायर काढू नका.

रोजच्या प्रवासात सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंतची संथ चाल पुरेशी असते. खंडाळ्याचा घाट जोरात चढून लोणावळ्यात उतरल्या उतरल्या चहाला थांबलात तर मात्र एखादा मिनिट इंजिन चालू राहू द्या.

सुरुवातीकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्याकडच्या टॉवरमध्ये गाडी दोन-तीन मजले खाली बेसमेंटमध्ये असते. चावी फिरवली की लगेच पहिल्या गिअरमध्ये खडा रॅम्प. ऑइल अजून वर पोचतंय आणि टर्बोवर भार आलेला. वीस-तीस सेकंद थांबा, पट्टा लावा, आरसे पाहा आणि मग निघा. पहिली काही मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवा.

अ‍ॅव्हरेजचं काय?

फ्राँक्सच्या मॅन्युअल गिअरच्या दोन इंजिनांचे प्रमाणित आकडे जवळजवळ सारखे आहेत, साध्याचा लिटरला २१.७९ आणि टर्बोचा २१.५ किलोमीटर. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, वेग ९० च्या पुढे जात नाही, वेग वाढवणंही बेताचंच असतं. रस्त्यावर दोघांत जास्त अंतर पडतं. टर्बोने हवा जास्त घेतली की पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त जातं, ते चुकत नाही. पाय हलका ठेवला तर पाम बीच रोडवर आणि द्रुतगती मार्गावर टर्बो सुरेख अ‍ॅव्हरेज देतो. घोडबंदरच्या संध्याकाळच्या रांगेत तोच दहाच्या आसपास आला तर गाडीत बिघाड आहे असं समजू नका.

कोणतं पेट्रोल, आणि ई-२० चं काय?

टर्बोला ऑक्टेन महत्त्वाचा, कारण ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ ठरलेला होता. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, त्यामुळे पेट्रोलमध्ये त्याचं २० टक्के मिश्रण (हेच ई-२०) झाल्यानंतर तो ९५ च्या जवळ गेला असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाचं म्हणणं आहे. या एका बाबतीत ई-२० टर्बोच्या फायद्याचंच आहे. महागडं प्रीमियम पेट्रोल मॅन्युअलमध्ये मागितलेलं नसेल तर घेण्याची गरज नाही.

तोटा अ‍ॅव्हरेजमध्ये आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींना एक-दोन टक्के आणि जुन्या गाड्यांना सहा-सात टक्के घट धरली होती. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग ई-२० ला चालणारे आहेत. त्याआधीची टर्बो असेल तर पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकर आणि मॅन्युअल पाहा, आणि सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या तपासायला सांगा.

थेट फवारणी आणि काजळी

काही टर्बोंत पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी, हवेच्या वाटेत फवारलं जातं. काहींत ते दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाबाने थेट सिलिंडरमध्ये सोडतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये १.२ लिटरची दोन्ही रूपं मिळतात: पहिल्या प्रकारचं २०० न्यूटन-मीटरचं, दुसऱ्या प्रकारचं २३० चं. थेट फवारणीत ताकद जास्त, पण आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर काजळी साठते. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांनी ती जात नाही, कारण ते पेट्रोल तिथपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच वर्षांनी सकाळी गाडी अडखळू लागली तर मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारा नळ्यांचा भाग, उतरवून ती साफ करावी लागते. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल आणि ताकदीचा फार सोस नसेल तर मी पहिल्या प्रकाराला पसंती देईन.

याच प्रकाराला सीएनजी जोडणंही सोपं जातं. टाटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉनच्या १.२ टर्बोला कारखान्यातूनच सीएनजी दिला. थेट फवारणीच्या गाडीला बाहेरून किट बसवण्याआधी मात्र दहादा विचार करा. तिथला इंजेक्टर पेट्रोलच्या वाहण्यानेच थंड राहतो आणि सीएनजीवर ते वाहणं थांबतं.

जुनी टर्बो घेताना

एमएच-०४ आणि एमएच-४३ च्या चार-पाच वर्षं जुन्या टर्बो गाड्या आता बाजारात भरपूर येतात. इंजिन थंड असतानाच गाडी दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० पासून हलकेच वेग वाढवा. जोर एकसंध यायला हवा, शिट्टीसारखा बारीक आवाज चालेल, पण घासल्यासारखा आवाज किंवा मध्येच दम तुटणं चालणार नाही. टर्बोकडे येणाऱ्या रबरी नळ्यांच्या जोडांवर ऑइलचा ओलेपणा किती आहे तेही टॉर्च मारून पाहा.

आणि सर्व्हिसचा इतिहास मागा. किलोमीटरच्या शेजारच्या तारखाही वाचा. चार वर्षांत फक्त अठरा हजार किलोमीटर चाललेली ठाण्यातली गाडी ऐकायला छान वाटते, पण त्यात ऑइल दोनदाच बदललेलं असेल तर ती सगळी छोट्या फेऱ्यांची, अर्धवट तापलेल्या इंजिनाची आणि दोन-दोन वर्षं शिळ्या ऑइलची गाडी आहे. त्यापेक्षा तेवढ्याच वर्षांत साठ हजार किलोमीटर झालेली आणि दर सहा-सात महिन्यांनी ऑइल बदलल्याची नोंद असलेली नवी मुंबई-पुणे फेऱ्यांची गाडी मी डोळे झाकून आधी पाहायला जाईन.